अंदमान पाच दिवसांत: काळ्या पाण्यासोबत जपानी काळही पाहायचा असेल तर

अंदमानला जाणारा मराठी माणूस बहुतेक वेळा एका कोठडीसाठी जातो. सावरकरांच्या कोठडीसमोर उभा राहतो, गहिवरतो, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ बघतो आणि दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट पकडतो. यात एक मोठा तुकडा सुटतो. २३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं ते ऑक्टोबर १९४५ पर्यंत राहिलं. त्या साडेतीन वर्षांच्या खुणा शहरात आजही आहेत. काही रस्त्याच्या कडेला आहेत, काही फुकट पाहता येतात, पण टूरवाल्याच्या यादीत त्या नसतात आणि आपण सांगितल्याशिवाय गाडी तिथं थांबत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन्ही काळ नीट पाहावेत आणि समुद्रालाही वेळ मिळावा, या हिशेबानं खालची आखणी केली आहे.

आधी नावांचा घोळ

तिकिटावर एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरं, अशी तिथली स्थिती आहे. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. त्याआधी ३० डिसेंबर २०१८ ला रॉस बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हॅवलॉकला स्वराज द्वीप आणि नीलला शहीद द्वीप ही नावं दिली गेली. माउंट हॅरिएट आता माउंट मणिपूर आहे. १८९१ च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर मणिपुरी कैदी अंदमानात पाठवले गेले होते, त्यांची आठवण म्हणून. बोटीचं तिकीट काढताना नवीन नाव शोधा, रिक्षावाल्याला जुनं सांगा. या लेखात जुनीच नावं वापरली आहेत, कारण तिथं कानावर तीच पडतात.

कधी जायचं, आणि घड्याळाची गंमत

जानेवारी ते एप्रिल हा सर्वांत भरवशाचा काळ. फेब्रुवारीनंतर समुद्र शांत असतो, पाण्याखालचं स्वच्छ दिसतं. मेच्या मध्यापासून पाऊस लागतो. आपल्याकडचा पाऊस संपला तरी तिथं परतीचे वारे पाऊस आणतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी चक्रीवादळाचा अंदाज बघूनच पुढची तिकिटं पक्की करावीत.

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत हवामानानं होत नाही, सूर्यामुळे होते. अंदमान मुंबईच्या पूर्वेला सुमारे २० रेखांश आहे, पण घड्याळ तेच भारतीय वेळेचं. त्यामुळे सूर्य तिथं जवळजवळ सव्वा तास आधी उगवतो आणि आधीच मावळतो. डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. मे महिन्यात पहाटे पाचलाच लख्ख उजाडलेलं असतं. आपल्या सवयीनं नऊला नाश्ता, दहाला बाहेर, दुपारी जेवून आडवं होणं आणि चारला पुन्हा निघणं असा बेत केला, तर दिवसाचा निम्मा उजेड खोलीतच जातो. सहाला बाहेर पडा. दुपारी बारा ते दोन विश्रांती घ्या, तेव्हा तसंही ऊन सोसवत नाही. साडेतीननंतर कुठलंही लांबचं ठिकाण सुरू करू नका.

वार बघून तिकीट काढा

बुधवारी रॉस बेट बंद असतं. रविवारी चॅथमची लाकूड गिरणी बंद असते. समुद्रिका हे सागरी संग्रहालय आणि मानववंशशास्त्राचं संग्रहालय सोमवारी बंद असतात. सेल्युलर जेल राष्ट्रीय सुट्टीला बंद ठेवतात आणि रोज दुपारी साधारण तासभर फाटक बंद असतं. हे वार प्रशासन अधूनमधून बदलतं, त्यामुळे निघण्याआधी एकदा पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

या सगळ्यातून वाट काढायची तर गुरुवारी पोचणं सोयीचं पडतं: गुरुवारी जेल, शुक्रवारी रॉस आणि शहर, शनिवारी चॅथम आणि हम्फ्रेगंज, रविवारी-सोमवारी हॅवलॉक किंवा नील, सोमवारी संध्याकाळपर्यंत परत पोर्ट ब्लेअर, मंगळवारी विमान. मंगळवारी पोचलात तर दुसऱ्याच दिवशी रॉस बंद, आणि सगळी साखळी विस्कटते.

मुंबई-पुण्याहून जाताना बहुतेकदा चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. चेन्नईहून पुढे साधारण दोन तास. बहुतेक विमानं सकाळपासून दुपारपर्यंतची असतात, म्हणजे निघण्याच्या दिवशी पर्यटनाला वेळ उरतच नाही. तो दिवस हिशेबात धरू नका. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही जातात. त्यांना अडीच ते चार दिवस लागतात, तेव्हा छोट्या सुट्टीत तो विचार सोडा.

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील यांसाठी परवाना लागत नाही. सरकारी ओळखपत्र मात्र बोटीच्या प्रत्येक तिकिटाला आणि प्रत्येक धक्क्यावर लागतं. लहान मुलांचं आधार कार्डही सोबत ठेवा. निकोबारला पर्यटक म्हणून जाता येत नाही, त्यासाठी वेगळा पास असतो.

पहिला दिवस: जेल, पण घाई न करता

विमानतळ ते अ‍ॅबर्डीन बाजार अंतर चार-पाच किलोमीटर. मुक्काम याच बाजाराच्या आसपास ठेवा; जेल, रॉसची जेट्टी आणि मरिना पार्क तिथून पायी होतं. रिक्षा मीटरवर चालत नाहीत, भाडं बसण्याआधी ठरवा.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधलं. मध्ये मनोरा आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या सात विंग, प्रत्येकी तीन मजली. आज तीनच उभ्या आहेत. आत शिरल्यावर थेट सावरकरांच्या कोठडीकडे धावण्याचा मोह होतो. तो आवरा, आधी मधल्या मनोऱ्यावर जा. तिथून जेलची खरी युक्ती कळते: प्रत्येक विंगचं तोंड पुढच्या विंगच्या पाठीकडे आहे. समोर दुसरा माणूस दिसूच नये, अशी रचना. मनोऱ्यातल्या एका पहारेकऱ्याला मात्र सगळे व्हरांडे दिसतात. हे डोळ्यांत भरलं की मग कोठडीत उभं राहा. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आणि झरोका डोक्याच्या बराच वर. कडी भिंतीतल्या खोबणीत, दारापासून दूर, म्हणजे आतून हात पोचू नये. सावरकर ४ जुलै १९११ ला इथं आले. त्यांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, टोकाला आहे आणि तिथं रांग लागते. दुपारच्या बंदनंतर फाटक उघडतं त्या पहिल्या अर्ध्या तासात गर्दी कमी असते.

अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा आहे. त्याला जुंपलेल्या कैद्याला दिवसाला ३० पौंड खोबरेल काढावं लागे. फाशीघर तिथून जवळच, एका वेळी तिघांसाठी.

आता जपानी काळ. ब्रिटिश गेले, जेल राहिलं. जपान्यांनी याच कोठड्यांत इथल्या रहिवाशांना हेरगिरीच्या संशयावरून डांबलं. डॉ. दिवाणसिंग हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. व्यवसायानं डॉक्टर, पंजाबीतले कवी, इथल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे (जपानच्या साथीनं भारताचं स्वातंत्र्य मिळवू पाहणारी संघटना) पुढारी. छळ होऊन १४ जानेवारी १९४४ ला त्यांचा जेलमध्ये मृत्यू झाला. अ‍ॅबर्डीन बाजारात त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. डोकं झाकून कुणीही आत जाऊ शकतं. जेलमधून परतताना तिथं पंधरा मिनिटं थांबा. गाइड हा भाग बहुधा एका वाक्यात उरकतात, काही तर गाळूनच टाकतात. तुम्ही विचारलंत तर मात्र सांगतात.

संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश खेळाचं तिकीट गर्दीच्या मोसमात आधीच ऑनलाइन काढा. खेळ हिंदीचा आहे की इंग्रजीचा, ते तिकीट काढतानाच बघा. बसण्याची जागा उघड्यावर आहे. छत्रीनं मागच्याला दिसत नाही, तेव्हा रेनकोट न्या; डास चावतात म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे.

दुसरा दिवस: रॉस

रॉसच्या बोटी अ‍ॅबर्डीन जेट्टीवरून, म्हणजे राजीव गांधी वॉटर स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सवरून सुटतात. प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा. काउंटरवर तुम्हाला रॉस आणि नॉर्थ बेचं जोड-तिकीट सुचवतील. ते स्वस्त पडतं आणि बहुतेक लोक घेतात, पण रॉसवर मग तास-दीड तासच मिळतो आणि उरलेला दिवस नॉर्थ बेला पाण्यातल्या खेळांच्या दरांवर घासाघीस करण्यात जातो. इतिहासासाठी जात असाल तर फक्त रॉसचं तिकीट घ्या आणि पहिली बोट पकडा. बोटीचा नंबर आणि परतीची वेळ फोनमध्ये टिपून घ्या. परतताना तुमच्याच बोटीत चढावं लागतं. जुन्या लाल २० च्या नोटेवर जे नारळीचं दृश्य होतं, ते नॉर्थ बेचं. ते पाहायला तिथं उतरायची गरज नाही, माउंट हॅरिएटवरून दिसतं.

रॉस हे १८५८ पासून इंग्रजांचं मुख्यालय. चर्च, बेकरी, पाणी शुद्ध करायचं यंत्र, क्लब, दफनभूमी असं सगळं या चिमुकल्या बेटावर होतं. २६ जून १९४१ च्या भूकंपानं इमारती खिळखिळ्या झाल्या, मुख्यालय हललं, आणि पुढच्या मार्चमध्ये जपानी आले. आज भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी असं कवटाळलंय की बऱ्याच ठिकाणी भिंत मुळांच्या आधारानं उभी आहे. मुळांवर चढून फोटो काढू नका. विटा सुटलेल्या आहेत.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. जेट्टीवर उतरताच जवळच जपानी बंकर आहे. सगळे तो परतताना बघू म्हणतात आणि तेव्हा बोट सुटत असते, म्हणून तो आधी बघा. जाड काँक्रीट, समुद्राच्या बाजूला अरुंद फट. त्या फटीतून बाहेर पाहा म्हणजे जागा का निवडली ते कळतं: बंदराचं तोंड बरोबर समोर येतं. तिथून चढ चढून चीफ कमिशनरच्या बंगल्याचे अवशेष, मग चर्च, दफनभूमी आणि शेवटी पलीकडच्या किनाऱ्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या. चढ फार नाही, पण दमट हवेत घाम निथळतो. माणशी एक लिटर पाणी लागतंच. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, त्या मात्र मुख्य वाटेवरच फिरतात. हरणं आणि मोर अंगाशी येतात. त्यांना खायला घालू नका, विशेषतः प्लॅस्टिकच्या पुड्यांतलं.

बोटीनं परत आलात की मरिना पार्कच्या बाजूला नेताजी स्टेडियम आहे. पूर्वीचं जिमखाना मैदान. ३० डिसेंबर १९४३ ला सुभाषबाबूंनी इथं तिरंगा फडकवला. अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज ही नावं त्यांनीच सुचवलेली. याच मैदानावर ९ ऑक्टोबर १९४५ ला जपानी व्हाइस अ‍ॅडमिरल हारा यांनी ब्रिगेडियर सॅलोमन्स यांच्यापुढे शरणागती पत्करली. दोन्ही घटना एका मैदानात घडल्या हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

दुपारी ऊन उतरल्यावर रिक्षा करून कॉर्बिन्स कोव्हकडे निघा. शहरापासून सहा-सात किलोमीटर, रस्ता समुद्राला चिकटून. वाटेत पाण्याच्या बाजूला जपानी बंकर दिसतात. रिक्षावाल्याला निघतानाच ‘जापानी बंकर पर रोकना’ असं सांगून ठेवा, नाहीतर तो थेट किनाऱ्यावर नेतो. आत जायचं तर मोबाइलचा टॉर्च लावून आधी जमीन बघा. पाणी साचलेलं असतं, काचा असतात, कधी त्याहून घाण काही. चप्पल चालत नाही, पायात बंद बूट हवेत. छतावर चढायचं नाही, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं आतलं लोखंड गंजलेलं असतं.

तिसरा दिवस: चॅथम आणि हम्फ्रेगंज

चॅथमची लाकूड गिरणी १८८३ पासूनची. एका छोट्या पुलानं शहराशी जोडलेल्या बेटावर ती आहे. सकाळी आठ-साडेआठला गेलात तर करवती चालू दिसतात. आवारात बॉम्बचा खड्डा जपून ठेवलाय. मार्च १९४२ मध्ये जपानी विमानांनी टाकलेल्या बॉम्बचा. खड्डा म्हणून पाहिलं तर खड्डाच आहे, दोन मिनिटांत बघून होतो. पण हल्ला गिरणीवर का, हा प्रश्न स्वतःला विचारा. बेटावरचं मोठं यंत्रसामग्रीचं ठिकाण आणि धक्का, दोन्ही इथंच. गिरणीला जोडून वनखात्याचं संग्रहालय आहे, पडौकच्या लाकडातलं काम बघण्यासारखं.

तिथून गाडी करून हम्फ्रेगंजला जा. शहराबाहेर आहे, बसनं जाण्यात दिवस मोडतो. गाडी जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट अर्ध्या दिवसाच्या भाड्यावर ठरवा. ३० जानेवारी १९४४ ला जपानी सैनिकांनी इथं ४४ जणांना गोळ्या घालून खंदकात पुरलं. त्यातले बहुतेक इंडियन इंडिपेंडन्स लीगचे. म्हणजे जे झेंडावंदनाच्या बाजूचे होते, तेच. आदल्या दिवशी जिमखाना मैदान बघायला सांगितलं ते यासाठी: मैदानावर तिरंगा चढला त्याला त्या दिवशी बरोबर एक महिना झाला होता. नेताजी सेल्युलर जेलमध्ये गेले, पण जपान्यांनी आत कोंडलेल्या लीगच्या माणसांशी त्यांची गाठ पडू दिली नाही. ही बाजू समजल्याशिवाय अंदमानातला जपानी काळ कळत नाही, आणि नुसतं बंकर बघून तर नाहीच.

स्मारक साधं आहे. दुकान नाही, खाण्यापिण्याची सोय नाही. पाणी घेऊन जा. आसपास लोकवस्ती आहे, तेव्हा मोठ्यानं गाणी लावलेली गाडी फाटकाबाहेरच बंद करा.

उरलेल्या दुपारी दोन पर्याय. चिडिया टापू शहरापासून २५ किलोमीटर, सूर्यास्तासाठी. सूर्यास्ताच्या निदान दीड तास आधी निघा, म्हणजे हिवाळ्यात साडेतीनला. किंवा माउंट हॅरिएट: चॅथमहून गाड्या नेणारी फेरी बांबू फ्लॅटला जाते, तिथून रस्ता वर चढतो. दोन्ही एका दुपारी होत नाहीत. कुणी करून देतो म्हणाला तर तो दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं थांबवणार. व्हायपर बेटावरचं फाशीघरही यादीत येतं; वेळ उरला आणि बोट सुरू असेल तरच.

चौथा-पाचवा दिवस: समुद्र

हॅवलॉक की नील, एकच निवडा. हॅवलॉकला राधानगर किनारा आणि डायव्हिंगची सोय जास्त. नील छोटं, सायकलवर फिरता येतं. सरकारी बोटी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात, स्वस्त आहेत, पण तिकिटं झटपट संपतात. खासगी बोटी हॅडो धक्क्यावरून, दीड-दोन तासांत हॅवलॉक. सुटण्याच्या तासभर आधी पोचा. चुकीच्या धक्क्यावर जाऊन बोट चुकलेले पर्यटक रोज दिसतात, म्हणून तिकिटावर धक्क्याचं नाव वाचा. मळमळीची गोळी बोट हलायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, हलल्यावर उपयोग नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक: बेटावरून सकाळी बोट आणि त्याच दुपारी विमान. वारा वाढला की बंदर खातं बोटी थांबवतं, तिकिटाचे पैसे परत मिळतात, विमानाचे नाही. विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा.

नेटवर्क बेटांवर कमजोर असतं, यूपीआय ऐन वेळी अडकतं. माणशी निदान दोन दिवसांच्या जेवणाइतकी आणि भाड्याइतकी रोकड जवळ ठेवा. पोहण्याआधी किनाऱ्यावरची मगरीची पाटी वाचा. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथं खरोखर आहेत, पाटी शोभेची नाही. प्रवाळावर उभं राहू नका. ते मरतं, शिवाय पायाला झालेली जखम लवकर भरत नाही.

बाराटांगला जायचं कुणी सुचवेल. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव भागातून जातो, गाड्या ताफ्यानं सोडतात, थांबणं, फोटो काढणं आणि काही देणं गुन्हा आहे. पाच दिवसांच्या सहलीत त्याला जागा नाही, ठेवूही नका.

विमानतळावर निघण्याआधी बॅगा एकदा उपसा. किनाऱ्यावर वेचलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे तपासणीत काढून घेतात, वर चौकशी होते. विकत घेतलेल्या शिंपल्यांच्या आणि लाकडाच्या वस्तूंची पावती वरच्या कप्प्यात ठेवा. मोठी माणसं हे लक्षात ठेवतात; बहुतेक वेळा सापडतं ते मुलांच्या खिशात.